विजेची मोटार आणि देखभालीचा सक्तीचा करार

कांहीं वस्तूंची किंमत एकदांच द्यावी लागते, तर कांहींची दरसाल. पहिल्या प्रकारांत घेणारा मालक होतो. दुसऱ्या प्रकारांत तो मालक होतो कीं भाडेकरूच राहतो, हें करारपत्र वाचल्यावांचून सांगतां येत नाहीं. विजेच्या मोटारी प्रथम बाजारांत आल्या, तेव्हां त्या घेणाऱ्यांपुढें हाच प्रश्न उभा राहिला. मोटारीची किंमत चुकती केल्यावरहि कोठें देखभालीची ठरीव वार्षिक रक्कम, कोठें बॅटरीचें दरमहा भाडें, आणि तें न दिल्यास हमी गमावण्याची धास्ती, असा भार त्यांच्या माथीं आला. आतां विजेचीं वाहनें तालुक्याच्या गांवांपर्यंत येऊन पोहोंचलीं आहेत. त्या पहिल्या मालकांच्या खर्चांतील न्याय्य भाग कोणता व अन्याय्य कोणता, हें समजून घेणें म्हणूनच उपयोगाचें आहे.

देखभालीबद्दल ठरीव मोबदला देण्याची कल्पना आपल्याकडे मुळींच नवी नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, वरवट बकाल हें बाजाराचें गांव आहे. कापसाच्या या मुलुखांत, वऱ्हाडांतील इतर गांवांप्रमाणेंच, पूर्वीं शेतकऱ्याचा नांगर, वखर व तिफण यांची दुरुस्ती सुतार व लोहार करीत, आणि त्याबद्दल खळ्यावर त्यांना धान्याचा वांटा मिळे. वर्षांतून फाळ किती वेळां पाजविला याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. वर्षाचें बलुतें ठरलेलें असे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर हा वार्षिक देखभालीचा करारच होता. बलुत्याच्या पद्धतींत दोष पुष्कळ होते. जातीनें बांधलेल्या कारागिराच्या श्रमांचें मोल अनेकदां कमी होई, आणि काम नाकारण्याची मोकळीक त्यास नसे. परंतु शेतकऱ्याच्या बाजूनें पाहतां त्यांत एक गोष्ट निश्चित होती. लोहार गांवांतच राहत असे. पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर त्याच्या भात्यापर्यंत चालत जातां येई. विजेच्या मोटारीच्या करारांना हीच कसोटी लावली पाहिजे: पैसा जेथें जातो, तेथून काम वेळेवर परत येतें काय?

मुळांत विजेच्या मोटारीस देखभाल किती लागते, हें आधीं पाहिलें पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनांत इंधनाचे स्फोट होऊन दट्ट्ये वरखालीं होतात, व त्या गतीचें चाकाच्या गतींत रूपांतर करण्याकरितां अनेक हलते भाग एकमेकांवर घांसत असतात. म्हणून त्यास वंगणाचें तेल, तेलाची गाळणी, हवेची गाळणी, ठिणगी पाडणारे प्लग, क्लच, पट्टे यांची नेमानें बदली लागते. विजेच्या मोटरींत मुख्य हलणारा भाग एकच, तो म्हणजे मधला फिरता गाभा. तेथें स्फोट नाहीं, धूर नाहीं, व तेल बदलण्याचा तो नेहमींचा प्रसंगहि नाहीं. ब्रेकदेखील कमी झिजतात. कारण वेग कमी करतांना हीच मोटर जनित्राचें काम करून चाकाची गति पुन्हां विजेच्या रूपानें बॅटरींत साठवूं शकते. मग उरतें काय? टायर, ब्रेकचें द्रव, बॅटरी थंड ठेवणारें पाणी, आंतील हवेची गाळणी, दिवे वगैरेंसाठीं असलेली लहान १२ व्होल्टची बॅटरी, आणि खड्ड्यांच्या रस्त्यांनीं खिळखिळे होणारे सांधे. हीं कामें करावीं लागतातच. परंतु पेट्रोलच्या गाडीशीं तुलना करतां तीं थोडीं आहेत.

सर्वांत महाग भाग म्हणजे मुख्य बॅटरी. तिची गोष्ट निराळी आहे. ती झिजते ती घांसून नव्हे, तर वयानें, वापरानें व उष्णतेनें. प्रत्येक वेळीं भरतांना व रिकामी होतांना तिच्या आंतील द्रव्यांत रासायनिक फेरफार होतात आणि वीज धरून ठेवण्याची तिची शक्ति हळूहळू उणावते. वऱ्हाडांतील वैशाख-ज्येष्ठाचें ऊन तिला मानवणारें नाहीं. उन्हांत तापलेली गाडी लगेच भरावयास लावणें, किंवा ती कित्येक दिवस कांठोकांठ भरून ठेवणें, यानें तिचें आयुष्य कमी होतें. हें म्हातारपण कोणत्याहि कारखान्यांतील वार्षिक तपासणीनें थांबत नाहीं. तपासणीनें दोष वेळींच कळेल, थंड ठेवणारी योजना नीट चालते कीं नाहीं तें समजेल. परंतु वय परत मिळणार नाहीं.

यावरून मुख्य मुद्दा ध्यानांत येतो. विजेच्या मोटारीच्या देखभालीची मोठी रक्कम ही बहुधा कामाची किंमत नसते. ती अनिश्चिततेची किंमत असते. बॅटरी किती वर्षें टिकेल हें पहिल्या काळांत कारखानदारास नीट ठाऊक नव्हतें व ग्राहकासहि नव्हतें. ती आधींच निकामी झाली तर तोटा कोणी सोसावयाचा, हाच खरा प्रश्न होता. वार्षिक करार, मासिक भाडें आणि अटींची हमी हीं त्याचींच तीन उत्तरें होत.

हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या. त्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या जड, महाग व नाजूक असत, आणि त्यांची निगा राखणें सामान्य मालकास जमत नसे. यावर कनेक्टिकट राज्यांतील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीनें १९१० च्या सुमारास एक योजना काढली. ग्राहकानें मालवाहू गाडी बॅटरीशिवाय विकत घ्यावयाची. बॅटरी वीज कंपनीची. ती संपली कीं काढून भरलेली बसवावयाची. त्याबद्दल ग्राहकानें चाललेल्या मैलांच्या हिशेबानें आकार द्यावयाचा, आणि शिवाय गाडीची देखभाल व ती ठेवण्याची जागा यांसाठीं एक मासिक रक्कम. ही योजना १९२४ पर्यंत चालली व तेवढ्या काळांत तिच्या गाड्यांनीं सुमारें ६० लाख मैलांचा प्रवास केला. १९१७ पासून शिकागो शहरांत मिलबर्न नांवाच्या विजेच्या मोटारींच्या मालकांसाठींहि अशीच सोय होती.

हार्टफर्डची योजना इतकीं वर्षें टिकली याचें कारण शोधण्यासारखें आहे. बॅटरीचा जोखीम-भार कंपनीनें स्वतः उचलला होता. गाडी बंद पडली तर मैल पडत नसत, आणि मैल पडले नाहींत तर कंपनीचें उत्पन्न बुडे. गाडी चालती राहण्यांत दोघांचाहि स्वार्थ होता. शिवाय कंपनी त्याच शहरांतली होती. गांवच्या लोहाराची जी कसोटी, तिला ही योजना उतरते.

भारतांत विजेच्या मोटारीचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे बंगळूरची रेवा. चेतन मैनी यांच्या पुढाकारानें तयार झालेली ही छोटी मोटार २००१ सालीं बाजारांत आली, व पुढें लंडनच्या रस्त्यांवरहि ती जी-विझ या नांवानें धांवली. तींत शिशाच्या बॅटऱ्या होत्या. अशा बॅटरींत वेळच्या वेळीं ऊर्ध्वपातित पाणी घालावें लागतें. पाणी आटलें कीं आंतील पत्रे उघडे पडून निकामी होतात. कांहीं वर्षांनीं सगळा संच बदलणें हा तर मालकाचा अटळ खर्च. पेट्रोलमध्यें वांचलेला पैसा या एका दिवसासाठीं बाजूस काढून ठेवावा लागे. ज्यानें तो ठेवला त्यास गाडी परवडली. ज्यानें ठेवला नाहीं त्याच्या दारांत ती उभी राहिली. २०१० सालीं महिंद्र कंपनीनें रेवाचे निम्म्याहून अधिक भाग घेतले, आणि २०१३ च्या मार्चमध्यें ई-टू-ओ ही लिथियमच्या बॅटरीची मोटार विक्रीस काढली. लिथियमच्या बॅटरीस पाणी घालावें लागत नाहीं व ती अधिक टिकते. परंतु तिची किंमतहि मोठी. म्हणून पुढच्या वर्षीं याच मोटारीसाठीं गाडीची किंमत कमी घेऊन बॅटरीबद्दल ५ वर्षें दरमहा २,५९९ रुपये घेण्याची योजना जाहीर झाली. ६० महिन्यांचा हिशेब केला तर ही रक्कम १,५५,९४० रुपये होते. महिन्याचा आंकडा लहान दिसतो. पांच वर्षांची बेरीज केल्यावर त्याचें खरें रूप कळतें. खरेदीच्या दिवशीं ही बेरीज जो करतो, त्याची फसगत सहसा होत नाहीं.

परदेशांतील तीन उदाहरणें येथें बोधप्रद आहेत. पहिलें अमेरिकेचें. टेस्ला कंपनीनें २०१२ च्या जूनपासून आपली मॉडेल एस ही मोटार ग्राहकांच्या हातीं देण्यास आरंभ केला. तिच्यासाठीं ६०० डॉलरची वार्षिक तपासणी ठेवली होती, आणि ही तपासणी न केल्यास हमीवर परिणाम होईल अशी प्रथम भूमिका होती. ज्या गाडीस तेल नाहीं, प्लग नाहीं, तिच्या तपासणीस इतकी रक्कम कां, असा प्रश्न मालकांनीं विचारला. अखेर २०१३ च्या एप्रिलमध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, वार्षिक तपासणी ऐच्छिक आहे व ती न केली तरी हमी कायम राहील. ज्या अटीवांचून हमी देतां येते, ती अट गाडीच्या गरजेची नव्हती हें त्यावरून सिद्ध झालें.

दुसरें उदाहरण इस्रायल व डेन्मार्क या देशांचें. शाय अगासी यांनीं २००७ सालीं स्थापन केलेल्या बेटर प्लेस या कंपनीनें बॅटरी बदलून देणारीं स्थानकें उभारलीं. ग्राहकानें रेनो कंपनीची मोटार घ्यावयाची. बॅटरी मात्र बेटर प्लेसची, व तिच्याबद्दल दरमहा वर्गणी. कल्पना हार्टफर्डचीच होती. परंतु स्थानकांचा खर्च अवाढव्य आणि ग्राहक मूठभर. २०१३ च्या मे महिन्यांत कंपनीचें दिवाळें निघालें. गाडी मालकाची राहिली, पण तिचा प्राण ज्या कराराशीं बांधला होता तो करारच डळमळला. सक्तीच्या करारांत कंपनीनें ग्राहकाची पत तपासली होती. कंपनीची पत तपासण्याचा मार्ग ग्राहकापाशीं नव्हता.

तिसरें उदाहरण जर्मनीचें, व तें सर्वांत महत्त्वाचें. रेनो कंपनीच्या विजेच्या मोटारी युरोपांत पुष्कळ वर्षें बॅटरीच्या भाड्यावर विकल्या गेल्या. गाडी ग्राहकाची, बॅटरी भाडें देणाऱ्या पेढीची. करार संपुष्टांत आणल्यास पेढी दूर बसून, तारेवांचून, बॅटरी पुन्हां भरण्यास बंदी करूं शकेल असें एक कलम अशा करारांत होतें. ग्राहकांच्या एका संघानें त्यावर दावा लावला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें २०२२ च्या ऑक्टोबरमध्यें तें कलम अवैध ठरविलें. त्यामागील विचार सरळ आहे. बॅटरी जरी पेढीची असली तरी तिच्याशिवाय ग्राहकाची स्वतःची मोटार निरुपयोगी होते. एक कळ दाबून ती बंद करणें म्हणजे वाद न्यायालयांत जाण्यापूर्वींच त्याचा निकाल आपल्या बाजूनें लावून घेणें होय. भाडें थकलें असल्यास पेढीनें न्यायालयाची पायरी चढावी. ग्राहकास रस्त्यावर उभें करून त्याला ती चढावयास लावूं नये.

भारतांत सध्यां चित्र बरेंच बदललें आहे. टाटा कंपनीनें २०२० च्या जानेवारींत नेक्सॉन ही विजेची मोटार विक्रीस काढली, तेव्हां बॅटरी व मोटर यांस ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तोंपर्यंत, हमी दिली. बॅटरीच्या आयुष्याची धास्ती यामुळें बरीचशी कारखानदाराकडे गेली. अशा हमींना मात्र वेळापत्रकाप्रमाणें तपासणी करून घेण्याची अट सामान्यतः जोडलेली असते. बॅटरी भाड्यानें देण्याची पद्धतिहि पुन्हां आली आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्यें एमजी कंपनीनें विंडसर ही मोटार बॅटरीशिवाय ९.९९ लाख रुपयांस व बॅटरीबद्दल दर किलोमीटरला साडेतीन रुपये अशा बोलीनें जाहीर केली, आणि थोड्याच दिवसांत बॅटरीसह तिची किंमत सुमारें १३.५० लाख रुपयांपासून सांगितली. दोहोंतील फरक सुमारें ३.५१ लाखांचा. त्यास साडेतिनानें भागलें तर सुमारें १ लाख किलोमीटर येतात. महिन्यास हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसास तेवढें अंतर कापावयास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. व्याजाचा विचार वेगळा करावा लागेल; तरी भाडें कोणास परवडेल व कोणास नाहीं, याचा अंदाज या एका भागाकारानें येतो. येथें एक गोष्ट चांगली आहे कीं, भाडें ही निवड आहे, सक्ति नाहीं.

मात्र एक अट बारकाईनें वाचली पाहिजे. भाड्याच्या करारांत दरमहा किमान अंतर ठरलेलें असूं शकतें. समजा, तें १,५०० किलोमीटर असलें, तर साडेतीन रुपयांच्या दरानें महिन्यास ५,२५० रुपये द्यावेच लागतील. वरवट बकालचा एखादा व्यापारी आठवड्यांतून दोनदां शेगांवास व एकदां खामगांवास जाऊन महिन्यास ६०० किलोमीटरच फिरला, तर त्यास प्रत्येक किलोमीटर पावणेनऊ रुपयांस पडेल. शहरांत रोज फिरणाऱ्या भाड्याच्या मोटारीस जो करार फायद्याचा, तोच खेड्यांतील माणसास तोट्याचा होतो. कराराचें कागद दोघांसमोर सारखेच ठेवले जातात. गरजा सारख्या नसतात.

खेड्यांतील मालकाचा आणखी एक खर्च कोणत्याहि दरपत्रकांत छापलेला नसतो, तो म्हणजे अंतराचा. पेट्रोलच्या गाडीचा कारागीर बाजारांतच मिळतो. विजेच्या मोटारीचें काम अधिकृत कारखान्यांतच करावयाचें अशी अट असेल, तर गाडी अकोल्यासारख्या शहरांत न्यावी लागेल. जाण्यायेण्याचा दिवस, त्या दिवसाची बुडालेली कमाई, आणि गाडी बंद पडली असल्यास ती ओढून नेण्याचें भाडें, हें सर्व देखभालीच्या रकमेंत धरलें पाहिजे. करारांत गाडी ओढून नेण्याची सोय असल्यास ती किती किलोमीटरपर्यंत, हेंहि विचारलें पाहिजे. शहरवासीयांनीं व खेडुतांनीं वार्षिक रक्कम सारखीच भरली तरी त्यांना मिळणारी सेवा सारखी नसते. देखभालीच्या सक्तीचा अन्याय जेथें होतो, तो बहुतेक येथें होतो.

कायद्यानें ग्राहकास कांहीं आधार दिला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा २०२० च्या जुलैपासून अमलांत आला. एक वस्तु घ्यावयाची तर दुसरी वस्तु किंवा सेवा घेतलीच पाहिजे, अशी पूर्वअट घालण्याच्या प्रथेचा त्यांत प्रतिबंधक व्यापारी प्रथांच्या व्याख्येंत समावेश केला आहे. ग्राहकावर अवाजवी आकार, बंधन किंवा अट लादून त्याची हानि करणाऱ्या करारास अनुचित करार म्हटलें आहे, व त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागतां येते. सेवेंतील उणिवेची साधी तक्रार जिल्हा आयोगापुढें चालते. विशेष सोय अशी कीं, तक्रार करणारा जेथें राहतो तेथील आयोगाकडेहि ती दाखल करतां येते. वरवट बकालच्या मालकास त्यासाठीं मुंबई-पुण्यास जाण्याचें कारण नाहीं. बुलढाण्याचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. प्राथमिक सल्ल्यासाठीं १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. अमुक एक अट अनुचित आहे कीं नाहीं हें ठरविणें आयोगाचें काम. परंतु त्यापुढें जातांना हातीं करारपत्र, पावत्या व प्रत्येक तपासणीची नोंद असली पाहिजे. तोंडी आश्वासनास तेथें वजन नाहीं.

हें सर्व ध्यानांत घेऊन, विजेची मोटार घेणाऱ्यानें, विशेषतः पहिल्या काळांतील जुनी मोटार स्वस्तांत मिळते म्हणून घेणाऱ्यानें, सहीपूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें लेखी मागावीं. बॅटरीचा मालक कोण? हमी किती वर्षें उरली असून ती नव्या मालकाच्या नांवें होते काय? ठरीव तपासणी न केल्यास सगळी हमी जाते, कीं त्या दोषापुरतीच? आणि पैसे भरणें थांबविल्यास गाडी चालती राहते काय? पहिल्या तीन प्रश्नांनीं खर्च कळतो. चौथ्यानें मालकी कळते. जुन्या गाडींत बॅटरीची उरलेली शक्ति अधिकृत ठिकाणीं मोजून तिचा दाखला घ्यावा. कारण हमी संपलेली व बॅटरी थकलेली गाडी कितीहि स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

देखभालीस पैसा लागणारच. ज्यानें कधीं मोट, नांगर किंवा विहिरीवरचा पंप चालविला आहे त्यास हें सांगावयास नको. देखभालीचा करार करण्यांतहि गैर कांहीं नाहीं. वर्षाच्या खर्चाचा आंकडा आधींच ठरलेला असणें कित्येकांस सोईचें असतें. परंतु जो करार जोखीम कारखानदाराची व पैसा मात्र ग्राहकाचा अशी वांटणी करतो, आणि ज्या सेवेचें ठिकाण ग्राहकाच्या आवांक्याबाहेर आहे तिची किंमत वसूल करतो, तो देखभालीचा करार नव्हे. पहिल्या मालकांनीं हें पैसे मोजून शिकलें. अमेरिकेंत त्यांनीं प्रश्न विचारले म्हणून अट गेली. जर्मनींत ग्राहकसंघानें न्यायालय गांठलें म्हणून कलम गेलें. विजेच्या गाडीचे यापुढील ग्राहक तालुक्याच्या बाजारपेठांतून येणार आहेत. गाडीचा रंग आणि वेग विचारण्यापूर्वीं त्यांनीं करारपत्राचें शेवटचें पान वाचण्याची संवय लावून घेतली, तर पहिल्यांनीं भरलेली फी त्यांना पुन्हां भरावी लागणार नाहीं.